पित्त झाले की पित्त उठले?

बारावीचा किंवा पदवीचा निकाल लागला की पुढे काय, हा विषय घराघरांत निघतो. अलीकडे त्या चर्चेत ‘हेल्थ इन्फर्मेटिक्स’ हे नाव ऐकू येऊ लागले आहे. नात किंवा नातू हे नाव उच्चारतो तेव्हा आजी-आजोबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : हा दवाखान्याचा अभ्यास की संगणकाचा? प्रश्न साधा वाटला तरी तो नेमक्या जागी बोट ठेवणारा आहे. हा विषय शिकणारे विद्यार्थी आणि शिकवणारे अध्यापक यांच्यातही मतभेद आहेत ते याच प्रश्नावर. त्या मतभेदाशी आपल्याला काय कर्तव्य, असे ज्येष्ठ वाचकांना वाटू शकेल. परंतु ज्यांच्या कपाटात तीन डॉक्टरांच्या पाच फायली आहेत, ज्यांच्या गोळ्या दर काही महिन्यांनी बदलतात आणि ज्यांच्या वतीने मुलगी किंवा सून नोंदणीच्या खिडकीवर बोलते, त्यांच्याइतका या विषयाशी निकटचा संबंध दुसऱ्या कोणाचा असणार?

प्रथम या विषयाचे स्वरूप पाहू. रुग्णाविषयीची माहिती मिळवणे, ती नेमक्या शब्दांत नोंदवणे, सुरक्षित जपणे आणि गरजेच्या वेळी योग्य व्यक्तीच्या हाती पोहोचवणे, यांचे शास्त्र म्हणजे आरोग्य माहितीशास्त्र. खिडकीवर भरलेले नाव, परिचारिकेने टिपलेला रक्तदाब, प्रयोगशाळेचा अहवाल, औषधाची चिठ्ठी, डिस्चार्ज कार्ड हे सारे त्याच्या कक्षेत येते. जर्मनीत हायडेलबर्ग आणि हाइलब्रॉन येथे १९७२ मध्ये या विषयाचा स्वतंत्र विद्यापीठीय अभ्यासक्रम सुरू झाला. आपल्याकडे केंद्र सरकारने रुग्णांच्या संगणकीय नोंदींसाठीची मानके २०१३ मध्ये जाहीर केली आणि २०१६ मध्ये ती सुधारली. त्या मानकांचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत आहे. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशभर आरंभ झाला आणि ‘आभा’ हा चौदा अंकी क्रमांक सामान्य माणसाच्या कानावर पडू लागला.

त्याच वर्षी संसदेने सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग स्थापन करणारा कायदा संमत केला. त्याच्या परिशिष्टात व्यवसायांचे जे गट दिले आहेत, त्यांत आरोग्य माहिती व्यवस्थापन आणि आरोग्य माहितीशास्त्र यांचा स्वतंत्र गट आहे. कायद्याने तासही ठरवून दिले आहेत. सहयोगी व्यावसायिकासाठी किमान २,००० तासांचे, दोन ते चार वर्षांचे शिक्षण. आरोग्यसेवा व्यावसायिकासाठी किमान ३,६०० तासांचे, तीन ते सहा वर्षांचे. या कायद्याखाली येणारे अभ्यासक्रम दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने चालवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगानेही २०२५ मध्ये स्पष्ट केले. एकूण तास किती, हे ठरले. आता प्रश्न उरतो तो असा की, या तासांपैकी किती तास विद्यार्थी पडद्यासमोर बसावा आणि किती तास रुग्णासमोर?

विद्यार्थ्यांचे म्हणणे आधी ऐकू. या विषयाकडे विद्यार्थी दोन वाटांनी येतात. काही जण परिचर्या, आयुर्वेद, दंतवैद्यक किंवा भौतिकोपचार शिकून येतात. त्यांना रुग्ण ठाऊक असतो. पण माहितीचे कोष्टक कसे रचावे, एका यंत्रणेतील नोंद दुसऱ्या यंत्रणेला कळेल अशी कशी पाठवावी, हे त्यांना परके वाटते. दुसरे विद्यार्थी संगणकशास्त्र शिकून येतात. त्यांना कोष्टके हातची. पण वॉर्डात पाय ठेवताना ते बिचकतात आणि वैद्यकीय संज्ञांच्या पहिल्याच तासाला गांगरतात. दोघांनाही वाटते की, आपल्याला अर्धा अभ्यास पुन्हा शिकवला जातो आणि उरलेला अर्धा फार घाईने.

त्यांची खरी चिंता मात्र नोकरीची असते, आणि ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. इतकी वर्षे शिकून अखेर खिडकीमागे बसून केसपेपर टंकित करायचे असतील तर पदवी कशासाठी, असे ते विचारतात. म्हणून बाजारात चालणारी सॉफ्टवेअर शिकवा, आकडेवारीचे विश्लेषण शिकवा, कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवा, अशी त्यांची मागणी असते. प्रत्यक्ष रुग्णालयात काम करू द्या, ही मागणीही असते. परंतु तेथे गेल्यावर अनेकदा त्यांना एखाद्या कोपऱ्यातील संगणक दाखवला जातो आणि जुन्या फायलींचा ढीग पुढे केला जातो. फाइल कोणाची, त्या माणसाचे पुढे काय झाले, हे त्यांना समजत नाही.

अध्यापकांची बाजू वेगळी आहे. आज शिकवलेले सॉफ्टवेअर विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत जुने होते. म्हणून तत्त्वे शिकवावीत, साधने तो कामावर शिकेल, असे त्यांचे मत. ते वाजवी आहे. मात्र त्यांच्याही अडचणी आहेत. वैद्यकाचा अध्यापक माहितीशास्त्र हा आपला मुख्य विषय मानत नाही, संगणकाचा अध्यापक रुग्णालयात गेलेला नसतो, आणि दोघांनी एकाच वर्गात उभे राहून शिकवण्याची सोय वेळापत्रकात क्वचितच असते. रुग्णांची गोपनीयता जपायची असल्याने खऱ्या नोंदी वर्गात आणता येत नाहीत, आणि सरावासाठी रचलेल्या नोंदी इतक्या नीटनेटक्या असतात की त्यांत शिकण्यासारखे थोडेच उरते.

नाशिकमध्ये ही अडचण संस्थांच्या रचनेतच दिसते. म्हसरूळ परिसरातील महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झाले. साऱ्या राज्यातील वैद्यक, दंतवैद्यक, आयुर्वेद, युनानी, होमिओपॅथी, परिचर्या आणि भौतिकोपचार यांची महाविद्यालये त्याच्याशी संलग्न आहेत. याच शहरात संगणक आणि अभियांत्रिकी शिकवणारी महाविद्यालये मात्र परंपरेने सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कक्षेत येतात. म्हणजे या विषयाचे दोन हात एकाच गावात असूनही दोन वेगळ्या विद्यापीठांचे आहेत. आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयातला विद्यार्थी आणि पंचवटीतल्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी एकाच बसने जात असतील, पण एका वर्गात बसण्याचा प्रसंग त्यांना सहसा येत नाही.

विद्यार्थी आणि अध्यापक या दोघांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही दोघांचे ऐकताना एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. एकजण साधनांविषयी बोलतो, दुसरा तत्त्वांविषयी. ज्याच्या तोंडून माहिती येते त्या माणसाविषयी दोघेही कमी बोलतात. आणि माहिती बिघडते ती बहुधा तिथेच, संगणकात शिरण्यापूर्वी. आपल्या भाषेतले आणि आपल्या घरातले एक उदाहरण घेऊ.

पंचाहत्तरीच्या एखाद्या आजी खिडकीवर किंवा परिचारिकेला सांगतात, “पेनिसिलिनची गोळी घेतली की मला पित्त होतं.” त्यांना मळमळ, आंबट ढेकर, छातीत जळजळ म्हणायचे असेल, तर तो त्या औषधाचा त्रासदायक परिणाम आहे, ॲलर्जी नव्हे. दुसऱ्या आजी सांगतात, “माझ्या अंगावर पित्त उठतं.” म्हणजे अंगावर गांधी येतात, खाज सुटते. ही ॲलर्जीची खूण असू शकते, आणि तेच औषध पुन्हा दिले गेले तर प्रसंग जिवावर बेतू शकतो. मराठी माणसाला ‘होणे’ आणि ‘उठणे’ या दोन क्रियापदांतला भेद ऐकताक्षणी कळतो. पण घाईत नोंद करणारा दोन्ही ठिकाणी नुसते ‘पित्त’ लिहितो, किंवा त्याचे ‘ॲसिडिटी’ करून टाकतो. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संज्ञासंग्रहात ॲलर्जी आणि औषध न सोसणे या दोहोंना वेगवेगळे संकेतांक आहेत. ‘स्नोमेड सीटी’ या संग्रहाचे सदस्यत्व भारताने २०१४ मध्येच घेतले आहे. संकेतांक तयार आहे. योग्य संकेतांक निवडण्यासाठी जो एक प्रश्न विचारायला हवा, तो विचारणारा माणूस घडवायचा आहे. “पित्त म्हणजे नेमके काय होते, आजी?” हा तो प्रश्न.

चूक उलट दिशेनेही होते. पहिल्या आजींच्या कागदावर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असे लिहिले गेले, तर एक उपयुक्त औषध त्यांना कायमचे बंद होते आणि पुढे प्रत्येक संसर्गाला पर्यायी, कधी अधिक महाग औषध शोधावे लागते. शिवाय याच शब्दाला आयुर्वेदात तिसरा, दोषवाचक अर्थ आहे. आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी यांतील संज्ञांना जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या रोगवर्गीकरणात जानेवारी २०२४ मध्ये स्वतंत्र विभाग मिळाला आहे. म्हणजे ‘पित्त’ या एका शब्दामागे किमान तीन वेगळ्या नोंदी उभ्या असू शकतात. ॲलोपॅथी आणि आयुर्वेद या दोन्हींचे शिक्षण एकाच विद्यापीठाच्या छत्राखाली असलेल्या नाशिकला या तिन्ही अर्थांचा मेळ घालणारे शिक्षण देणे सुकर आहे.

दुसरे उदाहरण जन्मतारखेचे. एका रुग्णाच्या निरनिराळ्या ठिकाणच्या नोंदी एकत्र आणायच्या, तर नाव, जन्मतारीख आणि लिंग यांची जुळणी करावी, असा पाठ पुस्तकात असतो. महाराष्ट्रात मात्र असंख्य ज्येष्ठांचा कागदोपत्री वाढदिवस १ जून हा आहे. जन्माची नोंद नव्हती, जूनमध्ये शाळा सुरू झाली, गुरुजींनी तीच तारीख लिहिली. त्यात स्त्रियांचे माहेरचे नाव एका कागदावर, सासरचे दुसऱ्यावर. ‘लक्ष्मी’ हे नाव रोमन लिपीत कोणी ‘एक्स’ने लिहितो, कोणी ‘के-एस-एच’ने. एकाच गावच्या, एकाच आडनावाच्या, एकाच वर्षी १ जूनला जन्मलेल्या दोन लक्ष्मीबाई भेटणे मुळीच अशक्य नाही. पेठ-सुरगाण्याकडून जिल्हा रुग्णालयात आलेल्या अशा दोघींच्या नोंदी एकत्र झाल्या, तर एकीची साखर दुसरीच्या कागदावर जाते. परदेशी पुस्तकात १ जूनचा धडा नसतो; तो इथल्याच अध्यापकाने शिकवायचा आहे.

तिसरे उदाहरण संमतीचे. डिजिटल मिशनमध्ये रुग्णाच्या संमतीवाचून त्याच्या नोंदी दुसऱ्याला दाखवू नयेत, असे तत्त्व आहे, आणि ते उत्तम आहे. पण आजोबांच्या क्रमांकाला मोबाइल जोडलेला असतो मुलाचा. ओटीपी पुण्याला किंवा बंगळुरूला जातो, मुलगा बैठकीत असताना घाईने तो सांगतो, आणि आजोबांची संमती झाली असे यंत्र समजते. आजोबांना कोणी विचारलेलेच नसते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला. तो अभ्यासक्रमात कलमांच्या रूपाने शिकवला जाईलच. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेत, न ओरडता, दोन वाक्यांत काय विचारायचे, हे शिकवणे अधिक अवघड आहे आणि अधिक गरजेचे.

यावर आक्षेप घेता येतो. वॉर्डात आधीच गर्दी असते. त्यात आणखी विद्यार्थी कशाला? आणि रुग्णाची खासगी माहिती शिकाऊ मुलांपुढे का उघडी करावी? दोन्ही आक्षेप रास्त आहेत. परंतु डॉक्टर आणि परिचारिका हेही वॉर्डातच घडतात, आणि तेथे आधी रुग्णाची परवानगी घेण्याची शिस्त असते. तीच येथे लावता येईल. एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद यांना स्वतंत्र स्थान मिळाले आहे. नोंद करणाऱ्यालाही तेच का नको? रोज दहा रुग्णांची नोंद करण्यापेक्षा एका रुग्णाची नोंद खिडकीपासून वॉर्डापर्यंत, वॉर्डापासून प्रयोगशाळेपर्यंत आणि घरी गेल्यावर औषधाच्या डब्यापर्यंत मागोवा घेत पाहणे, हा अभ्यास गर्दी न वाढवताही होऊ शकतो. नाव-पत्ता काढून टाकलेल्या, पण चुकांसकट ठेवलेल्या जुन्या नोंदी वर्गात आणता येतील. रचलेल्या नोंदींपेक्षा त्या कितीतरी बोलक्या ठरतील. आणि वैद्यकाचा व संगणकाचा असे दोन अध्यापक आठवड्यातून एकदा जरी एका वर्गात उभे राहिले, तरी दोन्ही वाटांनी आलेल्या विद्यार्थ्यांना एकमेकांची भाषा कळू लागेल.

विद्यार्थ्यांच्या नोकरीच्या चिंतेलाही यातच काही उत्तर आहे. केवळ टंकलेखनाचे काम यंत्राकडे जात आहे आणि पुढेही जाईल. ‘पित्त होतं’ की ‘पित्त उठतं’, हे थांबून विचारणारा, १ जूनची जन्मतारीख दिसताच सावध होणारा आणि संमती म्हणजे ओटीपी नव्हे हे ओळखणारा कर्मचारी मात्र रुग्णालयाला लागणारच आहे.

घरात कोणी हा अभ्यासक्रम निवडत असेल, तर प्रवेशापूर्वी चार गोष्टी विचारून घ्याव्यात. एकूण तासांपैकी प्रत्यक्ष रुग्णालयात किती तास, आणि तेथे काम कोणते? वैद्यकाचे आणि संगणकाचे असे दोन्ही प्रकारचे अध्यापक आहेत का? ही पदवी राष्ट्रीय आयोगाच्या कोणत्या गटात बसते? आधीच्या तुकडीतील विद्यार्थी आज नेमके काय काम करतात? माहितीपुस्तिकेत इमारतीची आणि संगणककक्षाची छायाचित्रे भरपूर असतील. ही चार उत्तरे मात्र तोंडी मागून घ्यावी लागतील.

ज्येष्ठांनी आणि त्यांची काळजी घेणाऱ्यांनीही आपल्या बाजूने काही करण्यासारखे आहे. सर्व औषधांची एकच यादी ठेवावी आणि कंपनीच्या नावाखाली मूळ औषधाचे नाव लिहावे. दोन डॉक्टरांनी दिलेल्या दोन नावांच्या गोळ्या कधी कधी एकाच औषधाच्या निघतात. अशी शंका आली तर स्वतः गोळी बंद न करता डॉक्टरांना यादी दाखवावी. एखादे औषध सोसत नसेल तर ‘उष्ण पडते’, ‘पित्त होते’ एवढ्यावर न थांबता काय झाले, किती वेळाने झाले आणि कशाने थांबले, हे तीन ओळींत लिहावे. सर्व कागदांवर नावाचे एकच लेखन राहील असे पाहावे. खिडकीवर नोंद झाली की ती वाचून दाखवायला सांगावे. त्यात संकोच कसला? ओटीपी सांगण्यापूर्वी तो कशासाठी, हे विचारावे आणि ज्यांची माहिती आहे त्या वडीलधाऱ्यांच्या कानावर घालावे. आणखी एक खुलासा : ‘आभा’ क्रमांक नोंदींसाठी आहे आणि तो ऐच्छिक आहे, उपचारखर्चासाठीचे आयुष्मान कार्ड वेगळे. सत्तरी ओलांडलेल्यांसाठी ऑक्टोबर २०२४ पासून आलेले आयुष्मान वय वंदना कार्डही वेगळेच.

आणि नात किंवा नातू हा विषय शिकूच लागला, तर पहिल्या सुट्टीत त्याच्यापुढे आपली फाइल ठेवावी. कागद तारखेप्रमाणे लावायला सांगावेत, औषधांची यादी करायला सांगावी, आणि त्याने प्रश्न विचारले तर न कंटाळता उत्तरे द्यावीत. कुठे एका कागदावर वय बासष्ट, तर त्याच वर्षीच्या दुसऱ्यावर सहासष्ट निघेल. कुठे शस्त्रक्रियेची तारीखच नसेल. कुठे डाव्या गुडघ्याच्या जागी उजवा असेल. त्या एका दुपारी त्याला जे समजेल ते पुढच्या परीक्षेत विचारले जाईलच असे नाही. पण आपली फाइल तरी नीट लागेल, आणि खिडकीमागे बसणाऱ्या उद्याच्या एका माणसाला समोरच्या म्हाताऱ्या माणसाचे बोलणे पूर्ण ऐकून घेण्याची सवय लागेल.